बंबाच्या पोटाचा राक्षस

"पण ग्रीकच का?" असं त्या गृहस्थांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात बिस्किट होतं. नाशिकमधल्या एका लघुपट स्पर्धेची ती पहिली बैठक होती. ज्यांचे विषय निवडले होते अशा आम्हा काही जणांना बोलावून चहा दिला होता, आणि ते परीक्षक गृहस्थ एकेकाला उभं करून प्रश्न विचारत होते. माझ्या आधीच्या तरुणाने जपानी भुताचा विषय सांगितला. त्याला कुणीही 'जपानीच का' असं विचारलं नाही. कॅमेरा कोणता वापरणार, एवढंच विचारलं.

मी म्हटलं, मला एका ग्रीक पुराणकथेवर विज्ञानपट करायचा आहे, यंत्रमानवाचा. गृहस्थांनी चष्मा काढला.

"तुम्ही मूळच्या सुरगाण्याकडच्या ना?"

"हो."

"मग तुमच्याकडे केवढं मटेरियल आहे! डोंगर आहेत, नागलीची शेतं आहेत, दरवर्षी द्राक्षबागांवर कामाला जाणारी कुटुंबं आहेत, ते स्थलांतर आहे. हे सगळं सोडून तुम्ही ग्रीसला कशाला जाता?"

मी बिस्किट गिळलं. "सर, स्थलांतर मी केलंय. त्याच्यावर सिनेमा तुम्ही काढा."

मागे कुणी तरी बाई खुदकन हसली. गृहस्थ तसे वाईट नव्हते, आणि तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी कडाकडा भांडता येतं. हा माणूस माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होता, की जणू मी आत्ताच रानातून मध घेऊन खाली उतरले आहे. प्रत्यक्षात मी सातपूरच्या एका कंपनीच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर चलनं काढून रिक्षाने तिथे पोचले होते आणि माझी कंबर दुखत होती.

ती ग्रीक गोष्ट मला आश्रमशाळेत मिळाली होती. शाळेच्या लोखंडी कपाटात पुठ्ठा निघालेलं, पहिली पानं गळालेलं एक पुस्तक होतं. कुणी लिहिलं ते मला आजही माहीत नाही. त्यात एका बेटाची राखण करणारा धातूचा राक्षस होता. देवांच्या लोहाराने घडवलेला. तो रोज बेटाभोवती तीन फेऱ्या मारायचा आणि परकं जहाज जवळ आलं की धोंडे फेकायचा. त्याच्या अंगात एकच शीर होती, मानेपासून टाचेपर्यंत, आणि टाचेपाशी तिच्या तोंडाला एक खिळा ठोकलेला होता. शिरेत रक्त नव्हतं, देवांच्या अंगात असतं तसलं सोनेरी पाणी होतं. एक दिवस एक जादूगारीण जहाजातून येते, गोड बोलून त्याला भुलवते आणि खिळा उपसते. पाणी वाहून जातं, राक्षस कोसळतो, जहाज किनाऱ्याला लागतं. तिथे गोष्ट संपते.

मी ढसाढसा रडले. बाकीच्या मुली हसायला लागल्या, की राक्षस मेला म्हणून कुणी रडतं का. पण मला रडायला कारण होतं. माझा बा राक्षस होता.

आमच्या डोंगरातल्या गावांत होळीनंतर बोहाडा होतो. देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे चढवून गावातून नाचत जातात, बरोबर संबळ आणि पिपाणी. कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे ठरलेलं असतं, त्याला मान म्हणतात. आमच्या घराकडे राक्षसाचा मान होता. देवी दरवर्षी माझ्या बाला मारायची. देवी म्हणजे आमच्याच शेजारचा एक मिशीवाला माणूस, आणि तो मारायचाही मनापासून.

आमच्या गावाची एक रीत आहे. पडलेलं सोंग पडलेलं ठेवायचं नाही. राक्षस आडवा झाला की संबळवाला थांबत नाही, हळूहळू वाजवत राहतो. मग राक्षसाने आपलं आपण उठायचं, कुणी हात द्यायचा नाही, आणि नाचत मांडवापर्यंत परत जायचं. मुखवटा तिथे उतरवायचा. मेलेला राक्षस नाचत परत चालला आहे, याचं गावात कुणाला नवल वाटत नाही. तो उठला नाही तर पुढच्या वर्षी देवी मारणार कुणाला, आणि घरी जेवायला येणार कोण?

मुलींनी सोंग घ्यायचं नसतं. बा अंगणात माझ्या चुलतभावाला पावलं शिकवायचा, "डावा पाय आधी, डावा," असं सारखं ओरडायचा, कारण भाऊ दर वेळी उजवा टाकायचा. मी कुडाच्या आड उभी राहून पाय टाकत बसायचे. एकदा चुलतीने पाहिलं आणि पाठीत धपाटा घातला. मी विचारलं, का म्हणून? मग दुसरा घातला. आमच्याकडे शंकानिरसनाची ही पद्धत होती.

आश्रमशाळेत एक टीव्ही होता आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर हिंदीत डब केलेले इंग्रजी विज्ञानपट लागायचे. त्यातल्या एकात एक लोखंडी माणूस होता. शेवटी कुणी तरी त्याच्या मानेमागचं झाकण उघडतं, आतून निळं तेल गळायला लागतं आणि तो गुडघ्यावर येतो. मी सगळ्या पोरींच्या मधून उठून ओरडले, "अगं, हा तर तोच! खिळावाला!" मला खाली बसवण्यात आलं. पण त्या दिवसापासून मला नाद लागला तो लागलाच.

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. अंतराळयान सूर्याच्या फार जवळ गेलं आणि कॅप्टन ऐकेना, की मी समजायचे, आता मेण वितळणार, पंखांची पिसं गळणार. शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत माणूस घडवला आणि मग स्वतःच साखळदंडात अडकला, की तो देवांची आग चोरणारा. एखाद्याने स्वतःच बनवलेल्या यंत्राच्या बाईवर जीव लावला, की तो मूर्तिकार. आणि 'हा दरवाजा कुणी उघडायचा नाही' अशी पाटी दिसली रे दिसली, की ती पेटी उघडणारी बाई आत शिरणार हे मी शेजारणीला आधीच सांगून टाकायचे. त्यामुळे माझ्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं. लग्नानंतर नवऱ्याला बसावं लागलं. तो घोटीकडचा, भातशेतीवाल्या घरातला, सातपूरला प्रेस शॉपमध्ये कामाला. पहिल्यांदा मी त्याला शेवट आधीच सांगितला तेव्हा तो म्हणाला, "अगं, मग तिकीट कशाला काढलं?"

आमच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त काका आहेत. माझा विषय त्यांच्या कानावर गेला तसे ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "ग्रीक कशाला पाहिजे? आपल्याकडे विमानं होती, अस्त्रं होती, सगळं आपल्या पुराणात आहे." मी म्हटलं, "आहे ना काका. तो सिनेमा तुम्ही काढा, मी बघायला येईन." गंमत बघा, परीक्षक म्हणतात तुझ्या गावाचं कर, काका म्हणतात आपल्या देशाचं कर. मला काय करायचं आहे हे विचारणारा अजून जन्माला यायचा होता. बरं, सातासमुद्रापलीकडे बसून जे लोक ह्या ग्रीक गोष्टींवर एकामागून एक सिनेमे काढतात, त्यांचे आजे-पणजे तरी कुठे ग्रीक होते? त्यांना गोष्ट आवडली, त्यांनी उचलली. मलाही आवडली. मी काय कुणाच्या परसातले पेरू तोडत होते?

शिवाय ती गोष्ट माझ्या दारातच चालू होती. दिवसातून तीन फेऱ्या, त्याही कंपाउंडच्या कडेकडेने, आणि आत कुणाला येऊ द्यायचं नाही. सातपूरमध्ये राहणाऱ्या माणसाला तीन फेऱ्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. माझी कथा साधी होती. पुढच्या कुठल्या तरी काळात सगळे कारखाने बंद पडलेले आहेत, माणसं निघून गेली आहेत, आणि एका कंपनीच्या भिंतीला लागून एक यंत्र अजून राखण करत फिरतंय, कारण त्याला थांब म्हणायला कुणी उरलेलं नाही. एक बाई येते. तिला आतल्या विहिरीचं पाणी हवं असतं. ती त्याच्या टाचेतला खिळा उपसते.

समुद्र आमच्याकडे नव्हता. भिंत भरपूर होती. नवऱ्याच्या ओळखीने एका बंद शेडचं आवार एका सुट्टीच्या दिवसापुरतं मिळालं. कॅमेऱ्याला नवऱ्याचा एक मित्र होता, जो लग्नाचं शूटिंग करतो. त्याला एकच गोष्ट मनापासून यायची, स्लो मोशन. त्याने मला आधीच सांगून ठेवलं, "वहिनी, मी नवरीची पाठवणी होईपर्यंत कॅमेरा बंद करत नसतो. सवय आहे." मी म्हटलं, करू नका.

राक्षस कशाचा करायचा, यावर घोडं अडलं होतं. पत्रा फार पातळ दिसायचा, पुठ्ठा तर पुठ्ठाच. एका रविवारी नवरा भंगारवाल्याकडून तांब्याचा जुना बंब खांद्यावर घेऊन आला. आंघोळीचं पाणी तापवायचा तो बंब, मधोमध निखाऱ्याची नळी, खाली पितळी तोटी. "पोट आयतंच मिळालं," तो म्हणाला. मी तोटीकडे बघत राहिले. अहो, खिळा कशाला हवा? आपल्याकडे टाचेला तोटी. बंबाच्या पोटात हळद कालवलेलं पाणी भरायचं, आतून एक नळी पायापर्यंत न्यायची, टाचेपाशी ती तोटी बसवायची. ग्रीक लोहाराला सुचलं नसतं असं आम्ही केलं. नवऱ्याने बंब मधून कापला, मधली नळी काढली, मागच्या बाजूला टाकी बसवली, पुढून छाती ठोकून काढली. ठोकायचा आवाज ऐकून काका दोनदा वर येऊन गेले.

आता आत माणूस कोण, हा प्रश्न होता. नवऱ्याने घालून पाहिलं, पण आत शिरलं की त्याला हसू यायचं आणि बंब हलायचा. मी गावी फोन लावला.

त्या वर्षीच गावात एक गोष्ट झाली होती. बाचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, आता नाचायचं नाही, जिना चढायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही. आमच्यासारख्या माणसाला जमिनीवर बसू नको म्हणणं म्हणजे काय ते सांगायला नको. होळीच्या आधी गावाने राक्षसाचा मान चुलतभावाकडे दिला. ते बरोबरच होतं, कुणाचं काही चुकलं नव्हतं. बाने मांडवाच्या बाजूला खुर्चीवर बसून पुतण्याला मरताना आणि उठताना पाहिलं. पुतण्या उजवा पाय आधी टाकत होता. बा काही बोलला नाही, असं आई मला फोनवर म्हणाली. त्याने न बोलणं हीच आमच्या घरात सर्वांत मोठी बातमी असते.

मी फोनवर सगळं समजावलं, यंत्र, बेट, तोटी. बाने ऐकून घेतलं.

"मरायचं हाय का?"

"हो."

"मंग येतो."

तो जीपने आणि मग बसने आला, पिशवीत पायात बांधायचे चाळ घेऊन. मुखवटा त्याने इथेच, आमच्या गॅलरीत केला. चिकणमातीच्या साच्यावर रद्दीचे तुकडे चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवले, वाळवले, आणि वरून नवऱ्याने तांब्याच्या रंगाचा स्प्रे मारला. डोळे मात्र बाने स्वतः रंगवले. मी म्हटलं, यंत्र आहे बा, यंत्राला असले डोळे नसतात. तो म्हणाला, "दिसायचं नाय का त्याला?"

शूटिंगच्या दिवशी तीन फेऱ्यांपैकी एकच त्याच्याकडून करून घेतली, गुडघ्यांकडे बघून. तो भिंतीकडेने चालायला लागला आणि मी कॅमेऱ्यामागून बघत राहिले. बंबाच्या पोटाचा, चिंचोक्याच्या तोंडाचा तो जो काही होता, तो खरंच हजारो वर्षं चालत आला होता. जादूगारीण मीच होते. मी खाली बसले, टाचेची तोटी फिरवली. हळदीचं पाणी सिमेंटवर पसरत गेलं. बा डोलला, एका गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. आणि मी 'कट' म्हणायच्या आत त्याने डावा पाय मुडपला, हात टेकले आणि उठायला लागला.

उठला. पावलं टाकत, पोकळ बंब खणखणवत, समोरच्या गेटमधून नाचत बाहेर निघून गेला. नवरीची पाठवणी झाल्याशिवाय कॅमेरा बंद न करणाऱ्या आमच्या भावोजींनी तेही सगळं घेतलं.

मी धावत बाहेर गेले. "बा, उठायचं नाही! तू मेलास."

"मेलोच की," आतून आवाज आला. "आता उठलो."

पाणी पुन्हा भरलं. पुन्हा तोटी, पुन्हा मरण, पुन्हा उठला. माझा पारा चढला. ऊन उतरत होतं आणि हळदही संपत आली होती. तिसऱ्यांदा मी त्याला शपथ घातली, की पडून राहा. तो पडून राहिला. थोड्या वेळाने मुखवटा हलला.

"किती वेळ?"

"सिनेमा संपेपर्यंत."

"आन् मंग?"

"मग काही नाही. संपलं."

तो उठून बसला आणि मुखवटा काढला. चेहरा घामाने थबथबला होता आणि त्यावर खरीखुरी काळजी होती. "सोंग तसंच पाडून ठेवून लोक घरला जातेत?"

"जातात बा. गोष्टच तशी आहे. ग्रीकांची आहे."

"त्यांचं ते बघतील. माझ्याच्यानं नाय व्हायाचं." त्याने गुडघे चोळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे शेवटचं हाय माझं. ह्याच्यापुढं सोंग नाय घेणार मी. ते शेवटचं आडवं टाकून जाऊ व्हय?"

मी त्या हळदीच्या पाण्यातच बसले. राग कुठल्या कुठे गेला. सुचायचं थांबलं, आणि मग वेगळंच सुचायला लागलं. हजारो वर्षं जो भिंतीकडेने फिरला, तो पहिल्यांदाच गेटबाहेर गेला होता. अंगातलं देवांचं पाणी संपल्यावर. मला हे लिहायला सुचलं नव्हतं. बा तिकडे गेला कारण गेट त्या बाजूला उघडं होतं. पण ज्याने कधी तिसरी पाळी संपवून सातपूरच्या गेटमधून बाहेर पडणारी माणसं पाहिली आहेत, त्याला कळेल की मी तो पहिला टेक का ठेवला. ग्रीकांनी त्याला मारून टाकलं तर टाकलं. त्यांच्या घरी त्याची वाट बघणारं कुणी नसेल. माझ्या सिनेमात तो घरी जाणार.

सिनेमा निवडला गेला. शेवटच्या फेरीचे सिनेमे मोठ्या सभागृहात दाखवणार होते. गृहस्थांचा फोन आला, फार आनंदाने बोलत होते. बंबाची कल्पना त्यांना विलक्षण वाटली होती.

"फक्त शेवट," ते म्हणाले. "मूळ कथेत तो मरतो. ती शोकांतिका आहे. तुम्ही त्याला उठवलंत आणि वर नाचवलंत, त्याने सगळा परिणाम जातो. अचानक लोककला कुठून आली असं वाटतं. तो पडतो तिथेच संपवा."

मी म्हटलं, "सर, पहिल्या दिवशी म्हणालात ग्रीक नको, गावाकडचं आण. आता गावाकडचं आलं तर म्हणता ग्रीकांसारखंच ठेव. मी नक्की कुठे राहायचं ते एकदा सांगून टाका."

ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. वेळेचाही प्रश्न आहे म्हणाले, बरेच सिनेमे आहेत. मी म्हटलं, "कापायचा तर सगळा कापा. तेवढाच कापायचा नाही." ते म्हणाले, बघू. मोठ्या माणसांच्या 'बघू'चा अर्थ मला तोवर कळायला हवा होता.

सिनेमे दाखवायच्या दिवशी दुपारी बा पुन्हा आला. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा. नवऱ्याने त्याला कडेच्या खुर्चीवर बसवलं, पाय पसरता यावेत म्हणून, आणि मी त्याच्या शेजारी. बाने सिनेमागृहासारखी खुर्ची आणि तिचे मऊ हात दाबून पाहिले. आमचा सिनेमा लागला. बंब दिसला तसं सभागृह हसलं, ओळखीचं भांडं दिसल्यावर माणसं हसतात तसं. मग भिंतीकडेची फेरी सुरू झाली आणि हसणं थांबलं. बा पुढे वाकून बघत होता. स्वतःला पहिल्यांदा बाहेरून बघत होता तो. आयुष्यभर मुखवट्याच्या आतच होता ना. पडद्यावर मी तोटी फिरवली. पिवळं पाणी पसरलं. राक्षस गुडघ्यावर आला, आडवा झाला.

पडदा काळा झाला. नावं वर सरकायला लागली.

टाळ्या पडल्या, चांगल्या जोरात. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. नवऱ्याने पलीकडून माझा हात धरला होता आणि तो दाबत होता, ते मला बऱ्याच वेळाने कळलं. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली होती.

"उठल्यालं कुठं हाय?" बाने विचारलं.

"कापलं बा त्यांनी."

"म्हंजे पडलाय तो?"

"हो."

"थितंच?"

"तिथंच."

बाने खुर्चीचे दोन्ही हात पकडले आणि स्वतःला वर उचललं. गुडघे अर्ध्यात थांबले. तो खाली बसला, पुन्हा जोर लावला. नवरा धरायला पुढे झाला तर बाने त्याचा हात झटकला, कारण पडलेल्या सोंगाने आपलं आपण उठायचं असतं, कुणी हात द्यायचा नसतो. तिसऱ्यांदा तो नुसताच खुर्चीचे हात धरून बसून राहिला. मान देऊन टाकला तेव्हा मी तिथे नव्हते. त्याचा तेव्हाचा चेहरा मी पाहिला नव्हता, तो मला आत्ता दिसला.

व्यासपीठावर निवेदिकाबाई पुढच्या सिनेमाचं नाव सांगत होत्या. बाने खुर्चीच्या हातावर बोटं ठेवली. मग ऐकू आलं. एका हाताने जड, एका हाताने हलकं, राक्षस पडल्यावर संबळवाला वाजवतो तो हळू ठेका. तो समोर बघत वाजवत होता. मग त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

मी चपला काढल्या.

खुर्च्यांच्या मधली वाट उताराची होती, गालिचा घातलेली. मी तिथे जाऊन खाली वाकले, पार जमिनीपर्यंत, हात टेकले. माणसांच्या माना वळल्या. पहिल्या रांगेतून ते गृहस्थ उठून हाताने खूण करत होते, "मॅडम, प्लीज, बसून घ्या, नंतर बोलू." मी बसणार नव्हते. ज्याला मी तोटी फिरवून पाडला होता तो अजून तिथे काळ्या पडद्यामागे आडवा होता, आणि त्याला उठवल्याशिवाय मी कुणालाही पुढचा सिनेमा बघू देणार नव्हते. ग्रीक असो नाही तर सुरगाण्याचा, तो माझा होता. मी उठले आणि पाऊल टाकलं.

ठेका थांबला.

"डावा," बा मागून म्हणाला. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "डावा पाय आधी, बाय."

मी पाय मागे घेतला. डावा टाकला, आणि खुर्चीच्या हातावर त्याची बोटं पुन्हा वाजायला लागली.